कोकणातून वास्तुकलेच्या दारापर्यंत : प्रवेश आणि वजिफ्याची हकीकत

वाचकहो, बारावीचा निकाल लागला की आपल्या चिपळुणात पालकांची जी धावपळ सुरू होते ती आपण सर्वजण दरवर्षी पाहतो. डॉक्टरकी, इंजिनिअरिंग, फार्मसी, डी.एड. ही नावे घरोघरी ठाऊक असतात. वास्तुकलेचे, म्हणजे आर्किटेक्चरचे, नाव मात्र क्वचितच निघते. निघाले तर घरातील वडीलधारी मंडळी विचारतात, "म्हणजे घराचा प्लॅन काढणारा ना? तो तर आपला कंत्राटदारही काढतो." काहींना वास्तुशास्त्र म्हटले की आग्नेयेला चूल आणि ईशान्येला पाणी एवढेच आठवते. त्या शास्त्राशी या विद्येचा काडीचाही संबंध नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

हा प्रश्न आपल्या भागात अधिकच विचार करण्याजोगा आहे. कारण आपल्याइतकी घरे बांधणारा समाज क्वचितच असेल. आधी बोटीवरची खलाशाची नोकरी, पुढे आफ्रिका, आणि १९७० नंतर कुवेत, दुबई, सौदी. परदेशी गेलेल्या प्रत्येक माणसाने पहिला पैसा घरात घातला. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौले, पुढे ओटी आणि बाजूला पडवी अशी जुनी घरे उतरवून स्लॅबची घरे उभी राहिली. कालुस्ते, मिरजोळी, गोवळकोट, कुठेही फिरून या. पावसाळ्यात स्लॅब गळतो म्हणून त्यावर पुन्हा पत्र्याची शेड चढविलेली दिसेल. एकदा घर बांधायचे आणि मग त्या घराला पावसापासून वाचवायला दुसरे छप्पर बांधायचे! जुन्या गवंड्याला आणि सुताराला कोकणचा पाऊस कळत होता, म्हणून त्याने छपराला उतार दिला. ती विद्या बापाकडून मुलाकडे जात होती. ती तुटली आणि तिच्या जागी जी नवी विद्या यायला हवी होती, ती आमच्या मुलांपर्यंत पोचली नाही. का पोचली नाही, याचा शोध घ्यायचा तर थोडे मागे जावे लागते.

आपली वाशिष्ठी ज्या दाभोळला समुद्राला मिळते तेथे आदिलशाही काळातील दगडी मशीद आजही उभी आहे. ती बांधणाऱ्यांनी कोठल्या कॉलेजात प्रवेश घेतला नव्हता. इमारत उभारण्याच्या कामाला शाळा, परीक्षा, फी आणि दाखला लागू झाला तो इंग्रजी अमलात, आणि मुंबई इलाख्यात त्याची सुरुवात एका देणगीपासून झाली. सर जमशेटजी जीजीभाई यांनी कलाशाळेसाठी एक लाख रुपये देऊ केले आणि २ मार्च १८५७ रोजी त्यांच्या नावाची कलाशाळा मुंबईत सुरू झाली. पुढे लॉकवुड किपलिंग तेथे शिकवावयास आले. (त्यांचा मुलगा रुडयार्ड याचा जन्म १८६५ साली याच शाळेच्या आवारात झाला.) बोरीबंदरचे स्टेशन १८८८ साली पुरे झाले. त्याच्या दगडी नक्षीत या शाळेतील विद्यार्थ्यांचा हात आहे. चाकरीसाठी मुंबईस गेलेला आपला प्रत्येक माणूस त्या नक्षीखालून गेला असेल, पण ती नक्षी शिकता येते आणि ती शिकविणारी शाळा तेथून हाकेच्या अंतरावर आहे, हे किती जणांना माहीत होते?

या कलाशाळेत इमारतींचे नकाशे काढण्याचा वर्ग निघाला १८९६ साली. त्याचे नावच मुळी ड्राफ्ट्समन क्लास. सरकारला आणि गोऱ्या वास्तुविशारदांना हाताखाली रेघा मारणारी माणसे हवी होती, एवढाच त्याचा हेतू. पुढे जॉन बेग या सरकारी वास्तुविशारदाने चार वर्षांचा अभ्यासक्रम आखला आणि १९१३ साली रॉबर्ट केबल हे वास्तुकलेचे प्राध्यापक म्हणून आले. १९१७ साली तेथील माजी विद्यार्थ्यांनी आपली संघटना काढली. तीच १९२९ साली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली. म्हणजे वीस-पंचवीस वर्षांत रेघा मारणारा हिंदी कारकून स्वतःला वास्तुविशारद म्हणवू लागला. मुलींनाही दार उघडले. पेरिन मिस्त्री या १९३६ साली तेथून पदविका घेऊन बाहेर पडल्या आणि देशातील पहिल्या स्त्री-वास्तुविशारदांत त्यांची गणना होते.

आता याच काळात आपल्या बाजूला काय चालले होते ते पाहा. १८७४ साली बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. त्या संस्थापकांत नाखुदा महंमद अली रोगे हे कोकणी व्यापारी होते, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे. १८८२ च्या हंटर आयोगाने मुसलमानांच्या शिक्षणाचा स्वतंत्र विचार केला आणि प्राथमिक शाळेपासून कॉलेजापर्यंत त्यांच्यासाठी चढत्या क्रमाने खास शिष्यवृत्त्या ठेवाव्यात अशी शिफारस केली. १९१४ साली सर महंमद युसुफ यांनी आठ लाख रुपये दिले, त्यातून १९३० साली जोगेश्वरीचे इस्माईल युसुफ कॉलेज उघडले. १९३६ साली भायखळ्यास साबू सिद्दीक तंत्रशाळा निघाली. म्हणजे दानत होती, संस्था होत्या, तंत्रशिक्षणाचा विचारही होता. परंतु या सर्व दानाचा ओघ शाळा, वकिली, शिक्षकी आणि यंत्रकामाकडे वळला. चित्रकला ही शिकण्याची आणि पोट भरण्याची गोष्ट आहे, हे मनात भरले नाही. या बाबतीत आमच्या वडीलधाऱ्यांना मी दोष देत नाही. ज्या घरात दिवा लावायला रॉकेल नाही त्या घराने मुलाला चित्रे काढू द्यावीत असे सांगणे सोपे आहे. पण परिणाम काय झाला, हे नोंदवायलाच हवे.

आणि तरीही आपल्याच जिल्ह्यातून एक मुलगा गेला. त्याची हकीकत थोडी सविस्तर सांगतो, कारण प्रवेश आणि शिष्यवृत्ती या दोन गोष्टींनी काय घडू शकते ते तिच्यातून दिसते.

अच्युत पुरुषोत्तम कानविंदे यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९१६ रोजी आचरे येथे झाला. आज आचरे सिंधुदुर्गात आहे, पण १ मे १९८१ पर्यंत तो सारा भाग रत्नागिरी जिल्ह्यातच होता. आई लहानपणीच वारली. वडील मुंबईत चित्रकलेचे शिक्षक होते आणि स्वतः चित्रकार होते. येथे वाचकांनी थांबावे. खेड्यातल्या या मुलाच्या घरी श्रीमंती नव्हती, पण रेघेची ओळख होती. कागद, पेन्सिल, समोरची वस्तू आणि तिचे माप यांचा संबंध त्याला शाळेआधीच कळला असणार. १९३५ साली तो जे.जे.मध्ये वास्तुकलेच्या वर्गात दाखल झाला. तेव्हा तेथे क्लॉड बॅटले हे प्रमुख होते. हे बॅटले मोठे विलक्षण गृहस्थ. मुंबई सेंट्रल स्टेशनची १९३० सालची इमारत त्यांच्या पेढीची. परंतु विद्यार्थ्यांना ते विलायती इमारतींच्या नकला करायला लावीत नसत. हातात टेप देऊन जुन्या देशी इमारतींकडे पाठवीत. मशिदी, विहिरी, वाडे, हवेल्या यांची मापे घ्या, त्यांचे नकाशे काढा आणि त्या तशा का बांधल्या ते मला सांगा, असा त्यांचा परिपाठ होता. इंग्रज मास्तराने हिंदी मुलांना आपल्याच आजोबांची घरे पाहायला शिकवावे, यातील गंमत ध्यानात घ्या.

शिक्षण संपवून कानविंदे १९४३ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेत नोकरीला लागले. देशभर प्रयोगशाळा उभारायच्या होत्या आणि प्रयोगशाळेची इमारत कशी असावी हे येथे फारसे कोणाला ठाऊक नव्हते. म्हणून १९४५ साली सरकारने त्यांना सरकारी खर्चाने अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात पाठविले. तेथे जगप्रसिद्ध वास्तुविशारद वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखाली ते शिकले. १९४७ साली परत आले आणि परिषदेच्या प्रयोगशाळांचे काम त्यांनी पाहिले. १९५५ साली शौकत राय या इंजिनिअर मित्राबरोबर दिल्लीत स्वतःची पेढी काढली. कानपूरच्या आय.आय.टी.चा सारा परिसर त्यांच्या आराखड्यावर उभा आहे. विटा आणि काँक्रीट यांचे ते काम पाहायला आजही वास्तुकलेची मुले जातात. १९७४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २००२ साली ते वारले.

सरकारने त्या एका शिष्यवृत्तीवर काय खर्च केला असेल तो असो, पण देशाला त्यातून काय मिळाले याचा हिशेब कानपूरला जाऊन करता येतो. आणखी एक गोष्ट. ही मदत त्यांना गरीब म्हणून मिळाली नाही, अमुक जातीचे किंवा जमातीचे म्हणूनही नाही. देशाला एका विशिष्ट कामासाठी माणूस हवा होता आणि त्या कामाला तो लायक होता, म्हणून मिळाली. शिष्यवृत्तीचा हा एक प्रकार. दुसरा प्रकार जमशेटजी टाटांचा. त्यांनी १८९२ साली जो निधी काढला तो परदेशी उच्च शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो, म्हणजे शिकून मिळवायला लागल्यावर परत करायची. तिसरा प्रकार आपल्या जमातींचा. जकातीतून आणि सदक्यातून वजीफा द्यायचा, त्यात पाहायची ती गरज. या तिन्ही रीती चांगल्याच आहेत, पण त्यांची सरमिसळ झाली की खरा विद्यार्थी मधल्या मध्ये राहतो. हुशार आहे म्हणून गरिबांच्या यादीत वरचा नंबर नाही, आणि गरीब आहे म्हणून क्लास न लावल्याने गुणवत्ता यादीत नाव नाही.

स्वातंत्र्यानंतर जे.जे.चा वास्तुकलेचा विभाग १९५२ साली मुंबई विद्यापीठाला जोडला गेला आणि १९५८ साली त्याचे स्वतंत्र कॉलेज झाले. अभ्यासक्रम पाच वर्षांचा. त्याबरोबर जी.डी. आर्च. ही सरकारी पदविकाही होती. १९५५ साली रचना संसदेची अकादमी निघाली. याच सुमारास महाराष्ट्रात ई.बी.सी. सवलत आली. ज्या पालकांचे वार्षिक उत्पन्न ९०० रुपयांच्या आत, पुढे १२०० रुपयांच्या आत, त्यांच्या मुलांना फी माफ. या बाराशेच्या दाखल्याने कोकणातील एक पिढी कॉलेजात गेली, हे कोणीही नाकारणार नाही. १९६१ नंतर केंद्राच्या राष्ट्रीय शिष्यवृत्त्या आणि कर्जाऊ शिष्यवृत्त्याही सुरू झाल्या. आपल्या चिपळुणात १९६५ साली दातार-बेहेरे-जोशी कॉलेज निघाले आणि बी.ए., बी.एस्सी.साठी गाव सोडण्याची गरज उरली नाही.

पण वास्तुकलेसाठी गाव सोडावेच लागे. गोवळकोटहून खाडीने दाभोळ आणि तेथून बोटीने मुंबई, किंवा घाटातून एस.टी. कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली ती १९९८ साली. प्रवास हा खर्चाचा सर्वांत लहान भाग. मुंबईत राहायचे कोठे, हा खरा प्रश्न. जमातीच्या खोलीत बारा माणसे पथारी टाकून झोपत. तेथे ड्रॉईंग बोर्ड मांडणार कोठे? फी माफ झाली तरी बोर्ड, टी-स्क्वेअर, कागद, शाई, मॉडेलसाठी पुठ्ठा आणि लाकूड, अभ्याससहली हे कोण देणार? इतर पदवीला तीन वर्षे, इंजिनिअरला चार, आणि याला पाच. पाचव्या वर्षी घरचा माणूस पत्रात विचारू लागे, "अजून किती?" ज्या कोणी शिष्यवृत्तीच्या योजना आखल्या त्यांनी फीचा आकडा पाहिला, पण पुठ्ठ्याचा आणि पाचव्या वर्षाचा विचार केला नाही. माझ्या मते या विद्येत आपली मुले कमी दिसण्याचे अर्धे कारण हेच आहे.

उरलेले अर्धे कारण प्रवेशाच्या नियमांत आहे. ते नियम कसे बदलत गेले ते थोडक्यात सांगतो. १९७२ साली संसदेने वास्तुविशारद कायदा केला. त्यानुसार नोंदणी झालेल्या व्यक्तीलाच स्वतःला आर्किटेक्ट म्हणविता येते. (नकाशे दुसऱ्या कोणी काढूच नयेत असे मात्र त्यात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ते स्पष्ट केले. म्हणजे आमचा कंत्राटदार सुटला!) या कायद्याखालील परिषदेने १९८३ साली शिक्षणाचे किमान दर्जे ठरविले. त्याच साली महाराष्ट्रात विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांना मोकळीक मिळाली आणि कॅपिटेशन फी हा शब्द घरोघरी पोचला. १९८७ साली तिला बंदी करणारा कायदा करावा लागला. १९९२ साली वांद्र्याचे रिझवी कॉलेज ऑफ आर्किटेक्चर निघाले. पुण्याच्या आझम कॅम्पसमध्येही अल्लाना कॉलेज ऑफ आर्किटेक्चर आहे. म्हणजे मुस्लिम संस्थांनी या विद्येचे दार स्वतः उघडले ते जे.जे.च्या ड्राफ्ट्समन क्लासनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी.

याच पुण्याच्या संस्थेचे पी. ए. इनामदार यांच्या नावाने ऑगस्ट २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा जो निकाल लागला तो वाचकांच्या कानावर असेल. विनाअनुदानित खासगी आणि अल्पसंख्याक कॉलेजांतील जागा सरकारला आपल्या कोट्यासाठी घेता येणार नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. पण त्याच दमात असेही बजावले की प्रवेश गुणवत्तेनुसार आणि उघडपणे झाले पाहिजेत आणि कॅपिटेशन फी चालणार नाही. आपल्याकडे या निकालाचा पहिला भाग सभांतून पुष्कळ सांगितला गेला. दुसराही तितकाच मोठ्याने सांगायला हवा होता.

पूर्वी कॉलेजे आपापल्या कलचाचण्या घेत. २००६ सालापासून नाटा ही देशभराची एकच परीक्षा सुरू झाली. बारावीला गणित हवे आणि हातात रेखाटन हवे. या दोन पायांवर प्रवेश उभा आहे. महाराष्ट्रात बारावीचे गुण आणि या परीक्षेचे गुण यांना सारखे वजन देऊन यादी लावण्याची पद्धत राहिली. २०१५ च्या कायद्याने प्रवेशासाठी राज्याचा सीईटी कक्ष आणि फीसाठी प्राधिकरण आले. सर्व कसे नियमबद्ध झाले. पण आपल्या उर्दू आणि मराठी शाळांकडे पाहा. आठवीनंतर चित्रकलेच्या तासाला दुसराच विषय घेतात. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांना मुले बसविणे हे हौशी शिक्षकाचे काम समजतात. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळविणाऱ्यास दहावीत सात वाढीव गुण मिळू लागले तेव्हा थोडी गर्दी वाढली, पण ती गुणांसाठी, रेघेसाठी नव्हे. मी चित्रकलेचा शिक्षक म्हणून आयुष्य काढले आहे. गणितात चांगली असलेली मुलगी चित्रकला सोडते आणि चित्रकलेत चांगला असलेला मुलगा गणित सोडतो, हे मी वर्षानुवर्षे पाहिले. दोन्ही धरून ठेवा असे सांगणारा घरात कोणी नसतो.

आता अलीकडच्या मदतीविषयी. सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला. त्यानंतर २००७-०८ पासून केंद्राने अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी व्यावसायिक शिक्षणाची मेरिट-कम-मीन्स शिष्यवृत्ती सुरू केली. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये, वर्षाला वीस हजारांपर्यंत फी, वसतिगृहात राहणाऱ्यास दहा हजार आणि घरून जाणाऱ्यास पाच हजार निर्वाहभत्ता, आणि तीस टक्के वाटा मुलींसाठी. गुण आणि गरज यांची सांगड घालणारी, आणि राहण्याखाण्याचाही विचार करणारी ही योजना होती, म्हणून मी तिला मानतो. तिची मंजुरी २०२१-२२ पर्यंतची होती. २०१४ च्या जुलैमध्ये राज्याने मुस्लिमांना पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश काढला. उच्च न्यायालयाने शिक्षणापुरते ते चालू ठेवण्यास हरकत घेतली नाही, पण अध्यादेशाचा कायदा झाला नाही आणि तो संपला. जुलै २०२४ मध्ये राज्याने आठ लाखांच्या आतील उत्पन्नाच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी दिली. ती आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास या प्रवर्गांतील मुलींना आहे. म्हणून पालकहो, आपण यांपैकी कोठे बसता ते बारावीच्या निकालानंतर नव्हे, अकरावीतच पाहा आणि दाखले काढून ठेवा.

दाखल्यांवरून एक आठवण सांगून थांबतो. २२ जुलै २०२१ च्या महापुरात आपले चिपळूण बुडाले. बाजारपेठेच्या बाजूला राहणारी माझी एक माजी विद्यार्थिनी त्या वर्षी बारावीला होती. आर्किटेक्चरला जायचे तिने नववीतच ठरविले होते. पाणी ओसरल्यावर मी गेलो तेव्हा अंगणात चिखलाने भरलेली ट्रंक उघडी पडली होती. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि तीन वर्षांची रेखाटने यांचा एकच गोळा झाला होता. ती म्हणाली, "सर, दाखले परत मिळतील, पण हे हात परत कसे काढू?" तिने काढलेल्या हातांच्या अभ्यासाविषयी ती बोलत होती. परीक्षा न घेताच लावलेला बारावीचा निकाल ३ ऑगस्टला आला. दुबार दाखल्यांसाठी ती एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरली आणि एका ठिकाणी तर दाखला बुडाल्याचा पुरावा आणा असे तिला सांगण्यात आले. त्या वर्षीची मुदत गेली. तिच्या अब्बांचे दुकान गेलेले, तेव्हा मुंबईच्या खर्चाचे नावही घरात कोणी काढीना.

ते वर्ष तिने वाया घालविले नाही. गणित पुन्हा केले. दादीच्या जुन्या स्वयंपाकघरात बसून रोज दोन तास रेखाटने केली. दाखले एकेक करून आले. २०२२ साली तिला प्रवेश मिळाला. राहण्याची सोय एका नातलगाकडे झाली आणि फीपैकी काही भाग मोहल्ल्यातील चार-पाच जणांनी मिळून उचलला. त्यांची नावे छापू नयेत असे त्यांनी मला सांगितले आहे.

पहिल्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीत ती टेप घेऊन माझ्याकडे आली. एखाद्या जुन्या घराची मापे घेऊन नकाशा काढायचे काम कॉलेजने दिले होते. तिने दादीचेच घर निवडले होते, खाडीकाठचे, पुरात उभे राहिलेले. मी टेपचे एक टोक धरले, तिने दुसरे. ओटी साडेसोळा फूट भरली, पडवी सहा. छपराचा उतार मोजायला शिडी कमी पडली म्हणून शेजारून दुसरी आणली.